मूल वाट चुकतें तें कोणत्या घटकेस?

(वाचावयाचा उतारा : १ शमुवेल, अध्याय २ ते ४)

ठाणें शहरांतील नौपाडा हा भाग आमच्या वाचकांपैकीं कित्येकांनीं पाहिला असेल. मुंबईपासून ठाण्यापर्यंत १८५३ सालीं पहिली आगगाडी आली, आणि पुढें त्या गाडीनें कचेरीस जाणाऱ्या मध्यम स्थितीच्या लोकांनीं स्टेशनाच्या पश्चिमेस जी वस्ती वाढविली, तींत नौपाडा प्रमुख होय. गोखले रस्ता, राम मारुती रस्ता, दोहों बाजूंस दुकानें, वर बिऱ्हाडें, जवळपास शाळा. एकंदरींत सुशिक्षित व पापभीरू लोकांचा हा भाग. त्याच्या कडेलाच तीन हात नाका आहे. तेथें हमरस्त्यावर उड्डाणपूल बांधिला आहे, आणि पुलाखालच्या चौकांत दिवा तांबडा झाला कीं थांबलेल्या मोटारींच्या कांचांवर लहान लहान बोटें वाजूं लागतात. कोणाच्या हातीं गजरे, कोणाच्या हातीं फुगे, तर कोणाच्या हातीं कांहींच नाहीं.

हीं दोन दृश्यें एकमेकांच्या इतक्या जवळ आहेत कीं पाहणाऱ्याच्या मनांत एक समजूत आपोआप घर करिते. मुलांच्या हातून होणारे गुन्हे हें पुलाखालच्या मुलांचें काम. शेजारच्या इमारतींतील मुलांशीं, किंवा खेड्यांतील आमच्या मंडळ्यांच्या मुलांशीं, त्याचा कांहीं संबंध नाहीं, अशी ती समजूत. आम्हांलाही पूर्वीं असेंच वाटे. या धड्याची तयारी करितांना तें मत आम्हांला सोडून द्यावें लागलें.

देशांतील गुन्ह्यांचे आंकडे भारत सरकारचा राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग प्रसिद्ध करीत असतो. पोलिसांनीं ताब्यांत घेतलेलें मूल कोणाजवळ राहत होतें, याचें एक कोष्टक त्यांत असतें. वर्षानुवर्षें त्याचें उत्तर एकच येत आलें आहे. दर दहा मुलांपैकीं आठांहून अधिक मुलें आपल्या आईबापांजवळ राहणारीं असतात. बेघर मुलें फार थोडीं. वय पाहूं गेल्यास सुमारें तीनचतुर्थांश मुलें १६ ते १८ वर्षांचीं. म्हणजे ज्याचें अंथरूण घरांत आहे, ज्याच्यासाठीं कोणी तरी भाकरी झांकून ठेवितें, ज्याचें नांव कालपरवांपर्यंत शाळेच्या पटावर होतें, अशाच मुलाविषयीं हा धडा आहे. तेव्हां, बंधुभगिनींनो, तो शहराचा म्हणून बाजूला सारूं नका.

आतां घर असूनही मूल वाट कां चुकतें? पुष्कळ जण एका शब्दांत उत्तर देतात : गरिबी. गरिबीचा भार आम्ही जाणतों, व तिचा या गोष्टीशीं संबंध नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु गरीब घरांतील बहुसंख्य मुलें चोरी करीत नाहींत, हें तुम्हांइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? आमच्या मतें गरिबी मुलाला चोर करीत नाहीं; ती त्याच्या आईबापांना पहांटेच्या गाडीनें कामावर नेते आणि रात्रीं उशिरा परत आणिते. मधल्या घटका मुलाजवळ एकट्या उरतात. श्रीमंत घरींही ह्याच घटका निराळ्या वाटेनें येतात. तेथें आईबाप घरीं असूनही नसतात. या रिकाम्या घटकांतच बहुतेक सर्व कांहीं घडतें, असें आमचें ठाम मत झालें आहे.

हा विचार नवा नाहीं. आमच्या रविवारच्या शाळेचा जन्मच त्यांतून झाला, हें मात्र आमच्यांतील बरेच शिक्षक विसरले आहेत. इंग्लंडांतील ग्लॉस्टर गांवीं रॉबर्ट रेक्स नांवाचे एक गृहस्थ वर्तमानपत्र छापीत. त्यांना तुरुंगांत जाऊन कैद्यांची विचारपूस करण्याची संवय होती. त्या गांवीं टांचण्यांचे कारखाने होते, आणि गरिबांचीं मुलें आठवड्याचे सहा दिवस तेथें राबत. रविवारीं कारखाना बंद असे. मग दिवसभर तीं रस्त्यांत हुंदडत, शिव्या देत, मारामाऱ्या करीत. रेक्स यांना तुरुंगांतील तरुण कैदी व रस्त्यांतील हीं मुलें यांमधील वाट स्पष्ट दिसली. १७८० सालीं त्यांनीं रविवारची शाळा काढिली व तींत प्रथम अक्षरओळख शिकविली. वचनें पाठ करून घेणें तेथें होतेंच, परंतु मूळ प्रश्न होता तो एका रिकाम्या दिवसाचा. आज आमच्या मुलांना रविवारीं सकाळीं एक तास आम्ही सांपडतों, व उरलेल्या सहा संध्याकाळीं दुसरें कोणी तरी सांपडतें.

तें दुसरें कोण, हें समजण्यासाठीं एक कल्पित उदाहरण घेऊं. असें समजा कीं मुरबाडकडील एका खेड्यांतून एक कुटुंब ठाण्यास आलें. बाप एका इमारतीवर रात्रपाळीचा वॉचमन. दिवसा तो झोपतो. आई नौपाड्यांत चार घरचीं धुणींभांडीं करून रात्रीं आठला घरीं येते. मुलगा चौदा वर्षांचा, आठवींत. त्याची शाळा दुपारीं सुटते. खोलींत बाप झोपलेला, म्हणून आवाज करावयाचा नाहीं. सबब तो बाहेर पडतो. गल्लीच्या तोंडाशीं पानपट्टी आहे. तेथें वीस-बावीस वर्षांचा एक तरुण मोटारसायकलला टेकून उभा असतो. तो एके दिवशीं मुलाला हांक मारितो व म्हणतो, "काय रे, जेवलास का?" आणि वडापाव घेऊन देतो. दुसऱ्या दिवशीं मोटारसायकलवर मागें बसवून फेरी मारून आणितो. महिन्याभरानें म्हणतो, "एवढी पुडी नाक्यावरच्या अमक्याला देऊन ये." पुडींत काय आहे हें मुलगा विचारीत नाहीं. मग एके रात्रीं कुलूप नसलेली गाडी ढकलून न्यावयाची असते, व तेथें पोलिसांच्या हातीं कोण सांपडतें? ढकलणारा मुलगा सांपडतो. पुढें उभा असलेला तरुण केव्हांच पळालेला असतो.

तो तरुण वाईट, यांत संशय नाहीं. परंतु दिवसभरांत त्या मुलाला "जेवलास का रे?" असें विचारणारा तोच एक होता, ही गोष्ट आम्हांला त्या पुडीपेक्षांही अधिक अस्वस्थ करिते.

अशा तरुणाविषयीं कायदा काय म्हणतो हें उपदेशकांनीं नीट समजून घ्यावें. मुलाला दारू किंवा अंमली पदार्थ विकावयास, वाहावयास लावणाऱ्यास २०१५ च्या बाल न्याय कायद्यानें सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. मुलाला भीक मागावयास लावणें हाही याच कायद्यानें गुन्हा आहे. शिवाय १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ९५ व्या कलमानें, गुन्हा करण्यासाठीं मुलाला कामास लावणाऱ्या माणसास निदान तीन व जास्तींत जास्त दहा वर्षें शिक्षा होऊं शकते. म्हणून मूल पकडलें गेलें कीं पहिला प्रश्न "हें तूं कां केलेंस?" असा विचारूं नये. "तुला हें काम कोणीं सांगितलें?" असें विचारावें. पहिल्या प्रश्नाला मूल खालीं पाहतें. दुसऱ्याला पुष्कळदां उत्तर देतें.

वयाचीही गोष्ट आहे. मुलगा एकटा असतां शहाण्यासारखा वागतो आणि चार सोबती जमले म्हणजे वेड लागल्यासारखा कां करितो, याचें आश्चर्य प्रत्येक आईला वाटतें. २००५ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत निरनिराळ्या वयांच्या लोकांना मोटार चालविण्याचा एक खेळ यंत्रावर खेळावयास दिला. तोच खेळ जेव्हां सोबती जवळ बसून पाहत होते, तेव्हां लहान वयाच्या मुलांनीं पुष्कळ अधिक धोके पत्करले. प्रौढ माणसांत मात्र सोबत्यांमुळें तसा फरक पडला नाहीं. मुलाची बुद्धि ठीक असते. पाहणारे सोबती असले म्हणजे तिचा लगाम सैल होतो. आणि आणखी एक समाधानाची गोष्ट अशी कीं, ज्या मुलांच्या हातून या वयांत एखादा अपराध होतो, त्यांतील बहुतेक जण वय वाढल्यावर आपोआप थांबतात. त्यांना थांबूं देणें हें मोठ्यांचें काम. त्यांच्यावर असा शिक्का मारूं नये कीं थांबावयास जागाच उरणार नाहीं.

वय १६ ते १८ हेंच कां, याचें एक कारण आमच्या खेड्यांत तुम्हीं रोज पाहतां. शिक्षणाच्या हक्काचा कायदा २०१० सालापासून अंमलांत आला, आणि तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला आठवीपर्यंत विनामूल्य शिक्षण देतो. आठवीनंतर मुलगा नापास झाला, किंवा हायस्कूल तालुक्याच्या गांवीं असून एसटीचें भाडें परवडेनासें झालें, म्हणजे त्याचें नांव पटावरून गळतें. अठरा वर्षें पुरीं होईपर्यंत धोक्याच्या कामावर त्याला ठेवितां येत नाहीं, व तें योग्यच आहे. परंतु शाळा सुटली, रीतसर काम मिळत नाहीं, आणि घरीं "एवढा घोडा झाला तरी बसून खातो" हें बोलणें रोज ऐकावें लागतें. चार वर्षें तो कोणाचाच नसतो. हातीं मोबाईल असतो खरा. पूर्वीं वाईट संगत गांवच्या पारावर भेटत असे. आतां ती अंथरुणांत, गोधडीखालीं भेटते, व शेजारीं निजलेल्या बापास त्याची चाहूलही लागत नाहीं.

आमच्यांतील कित्येक वडिलांचा उपाय भीति हा आहे. ठाण्याचें मध्यवर्ती कारागृह जुन्या किल्ल्यांत आहे. पोर्तुगीजांनीं बांधावयास घेतलेला हा किल्ला १७३७ सालीं मराठ्यांनीं घेतला. बाहेरून जातांना ती उंच काळी भिंत दाखवून "नीट वागला नाहींस तर तेथें जाशील" असें मुलाला सांगावें, म्हणजे तो सुधारेल, असें त्यांना वाटतें. हाच प्रयोग अमेरिकेंत न्यू जर्सी येथील एका तुरुंगांत मोठ्या प्रमाणावर करून पाहिला. वाट चुकूं लागलेल्या मुलांना आंत नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकडून त्यांना दरडावून घेत. त्याची फार वाहवा झाली, चित्रपटही निघाला. पुढें विद्वानांनीं अशा प्रयोगांचा हिशेब काढिला तेव्हां असें आढळलें कीं, तुरुंग पाहून आलेल्या मुलांच्या हातून न गेलेल्या मुलांपेक्षां अधिक गुन्हे घडले. यावरून भीति मुळींच नको असें आम्ही म्हणत नाहीं. बापाचा थोडा धाक घरांत असावा. परंतु जो बाप वर्षभर बोलत नाहीं व एके दिवशीं भिंत दाखवितो, त्याच्या त्या बोटाला फारसें वजन नसतें.

आतां शिक्क्याविषयीं. हें लिहितांना आम्हांला थोडें लाजावयास हवें. १८७१ सालीं इंग्रज सरकारनें गुन्हेगार जातींचा कायदा केला, आणि त्यान्वयें सबंध जातींच्या जाती जन्मानेंच गुन्हेगार ठरविल्या. पारधी समाजाच्या कपाळींही हाच शिक्का बसला. सोलापुरांत तारेच्या कुंपणाच्या आंत अशा जातींची वसाहत होती. लोक तिला सेटलमेंट म्हणत. तेथील उमेदपूर वसाहतीचा कारभार कांहीं काळ अमेरिकन मराठी मिशनाकडे होता. मिशनऱ्यांनीं तेथें शाळा चालविली, कामधंदा शिकविला, पुष्कळ माया केली. हें सर्व खरें. परंतु कुंपण तें कुंपणच होतें, आणि आंत जन्मलेलें मूल हजेरीच्या वहींत गुन्हेगाराचें मूल म्हणूनच चढे. चांगल्या माणसांनीं चालविलेला अन्यायही अन्यायच असतो. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला. शिक्का मात्र कागदावरून पुसला तरी लोकांच्या डोळ्यांतून अजून पुसला गेला नाहीं. गांवांत चोरी झाली कीं पोलिसाची व पाटलाची नजर प्रथम कोणत्या पालांकडे वळते, हें तुम्हीं जाणतां.

येथें आपण पुन्हां तीन हात नाक्याच्या पुलाखालीं येतों. तेथें राहणाऱ्यांत मराठवाड्यांतून दुष्काळामुळें आलेलीं पारधी कुटुंबें पुष्कळ आहेत. त्यांच्या मुलांना कोणी मारून-हांकून लावीत, कोणी नाणें देत; शाळेंत घालावें असें फार थोड्यांच्या मनांत आलें. जून २०१६ मध्यें समर्थ भारत व्यासपीठ या संस्थेनें ठाणें महानगरपालिकेच्या साहाय्यानें त्याच पुलाखालीं शाळा काढिली. जहाजांवरून माल आणावयाच्या ज्या मोठ्या लोखंडी पेट्या असतात, त्यांचेच वर्ग केले. लोक तिला सिग्नल शाळा म्हणूं लागले. मुलांना शाळेपर्यंत आणावयाचें तर शाळाच मुलांपर्यंत न्यावी, हा साधा विचार. मूल आलें कीं प्रथम स्नान, मग गणवेश, मग खाणें, मग पाटी. २०१८ सालीं येथील दोन मुलें दहावीची परीक्षा उत्तीर्ण झालीं. आम्हीं त्यांचीं नांवें येथें देत नाहीं. तीं आपापल्या वाटेनें चाललीं आहेत, व त्यांच्यामागें पुलाचें नांव सारखें लावीत राहूं नये.

या शाळेपासून आम्हीं एक गोष्ट शिकलों. पुलाखालीं पैसा नव्हता, जागा नव्हती, शांतता तर नव्हतीच. वर गाड्यांचा गडगडाट चाले. तेथें नवीन काय आलें? सकाळपासून दुपारपर्यंत मुलांच्या घटका ओळखीच्या माणसांनीं धरल्या. आज कोण आलें नाहीं हें कोणा एकास समजूं लागलें. ज्याच्या न येण्याची कोणी दखल घेतें, तें मूल सहसा फार लांब जात नाहीं.

सरकारलाही हें शिकावयास बराच काळ लागला. एके काळीं मूल व मोठा माणूस एकाच कोठडींत जात. मुंबईंत १८५७ सालीं डेव्हिड ससून यांच्या देणगीनें अशा मुलांसाठीं सुधारशाळा उभी राहिली. तेथें सुतारकी, शिवणकाम इत्यादि धंदे शिकविण्याची कल्पना होती. मुलांविषयीं स्वतंत्र कायदा मद्रास इलाख्यानें १९२० सालीं, बंगालनें १९२२ सालीं व मुंबईनें १९२४ सालीं केला. याच सुमारास, १९२६ सालीं, अमेरिकन मराठी मिशनाचे डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनीं मुंबईच्या नागपाडा भागांत नेबरहुड हाउस काढिलें. दारू, जुगार व दाटीवाटीच्या खोल्या यांनीं भरलेल्या त्या वस्तींत संध्याकाळीं मुलांना येऊन बसावयास एक जागा मिळाली. डॉ. मॅन्शार्ट यांच्या ध्यानांत आलें कीं नुसती दया पुरत नाहीं, हें काम शिकावें लागतें. त्यांच्याच पुढाकारानें १९३६ सालीं टाटा यांच्या निधींतून समाजकार्याची शाळा तेथें सुरू झाली, व १९३७ सालीं तिनें मुलांच्या मनाच्या अडचणींसाठीं एक चिकित्सालय उघडलें. पुढें हीच शाळा टाटा समाजविज्ञान संस्था झाली, आणि तिच्याच कामांतून १९९६ सालीं मुलांसाठीं टेलिफोनचा १०९८ हा क्रमांक निघाला. संकटांत असलेलें मूल, किंवा त्याला पाहणारा कोणीही मोठा माणूस, या क्रमांकावर केव्हांही फुकट बोलूं शकतो. प्रत्येक मंदिराच्या भिंतीवर, शाळेच्या दारावर हे चार आंकडे मोठ्या अक्षरांत लिहावे.

तरीही एके रात्रीं कोणी धांवत येऊन सांगेल कीं अमक्याच्या मुलाला पोलीस घेऊन गेले. तेव्हां उपदेशकानें घाबरूं नये व ओरडूंही नये. अठरा वर्षांखालील मुलाला पोलिसांच्या कोठडींत किंवा तुरुंगांत ठेवितां येत नाहीं, बेड्या घालितां येत नाहींत. त्याला चोवीस तासांच्या आंत बाल न्याय मंडळापुढें नेलें पाहिजे. या मंडळांत एक न्यायाधीश व दोन समाजसेवक असतात, त्यांपैकीं निदान एक स्त्री. वयाचा पुरावा म्हणून शाळेचा दाखला किंवा जन्माची नोंद लागते. ती आईबापांच्या पेटींतून त्याच रात्रीं काढून घ्यावी, कारण पुष्कळ मुलें केवळ कागद वेळेवर न मिळाल्यामुळें मोठीं ठरतात. जामीन देणें हा नियम, न देणें हा अपवाद. निरीक्षणगृहांत ठेविलें तर तें घरापासून दूर असतें, म्हणून आईच्या प्रवासखर्चाची सोय मंडळीनें करावी. मूल कोठल्या घरचें, काय शिकलें, कोणाच्या संगतींत होतें, हें सर्व परिवीक्षा अधिकारी लिहून घेतो. त्या वेळीं पाळक किंवा मास्तर स्वतः जाऊन बोलले, व "या मुलाच्या संध्याकाळांची जबाबदारी आम्ही घेतों" असें म्हणाले, तर त्या शब्दाला फार किंमत असते. मात्र बोलल्याप्रमाणें घ्यावी. सोळा वर्षांवरील मुलाच्या हातून अतिशय भयंकर गुन्हा घडला असेल तर मोठ्यांप्रमाणें खटला चालविण्याचा विचार मंडळ करूं शकतें. त्या वेळीं वकिलावांचून चालणार नाहीं, व तो फुकट मिळण्याची सोय जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे असते. आणखी एक : मुलाचें नांव, फोटो, शाळा प्रसिद्ध करणें हा कायद्यानें गुन्हा आहे. मंडळींतील प्रार्थनेच्या वेळींही तें नांव मोठ्यानें घेऊं नये. आमच्याकडे सहानुभूतीच्या नांवाखालीं बातमी किती लवकर पसरते, हें आम्ही जाणून आहों.

आतां वाचावयास सांगितलेल्या उताऱ्याकडे वळूं. एली हा याजक होता, त्याचे पुत्र वेदीच्या सेवेंतच वाढले. म्हणजे घरांत धर्म नव्हता असें नाहीं. त्याचे पुत्र काय करितात हें लोकांनीं त्याला सांगितलें, आणि तो त्यांना बोललाही. परंतु त्यानें त्यांना आवरलें नाहीं. शब्द बोलणें व आवरणें यांतील अंतर या कथेंत आहे.

पुण्यास कल्याणीनगरांत १९ मे २०२४ रोजीं पहांटे, १७ वर्षांचा एक मुलगा चालवीत होता असें पोलिसांचें म्हणणें असलेल्या मोटारीखालीं दोन तरुण अभियंते ठार झाले. पहिल्या दिवशीं ज्या अटींवर जामीन झाला, त्यांत अपघातांविषयीं तीनशें शब्दांचा निबंध लिहिणें ही एक अट होती, व त्यावरून देशभर संताप उसळला. आम्हांला त्या निबंधापेक्षां पुढची बातमी अधिक बोलकी वाटली. मुलाच्या रक्ताचा नमुना बदलविल्याच्या आणि घरच्या ड्रायव्हरनें गुन्हा स्वतःवर घ्यावा म्हणून त्याला डांबल्याच्या आरोपांवरून त्याच्याच घरच्या वडीलधाऱ्यांना अटक झाली. आरोप न्यायालयांत खरे ठरोत वा न ठरोत, असे प्रसंग लहान प्रमाणावर आपल्याही घरीं घडतात. मुलानें शेजाऱ्याची बकरी विकली, आईनें गुपचूप पैसे भरले व बापाला सांगितलें नाहीं. मुलाच्या खिशांत नवा मोबाईल दिसला आणि तो कोठून आला हें कोणीं विचारलें नाहीं. प्रेमानें झांकलें, असें आपण म्हणतों. मूल मात्र त्यांतून इतकेंच शिकतें कीं पैसे भरले म्हणजे झालें. बकरी ज्याची गेली त्याच्यापुढें त्या मुलालाच उभें करावें, त्याच्याच हातानें थोडे थोडे पैसे फेडवावे, आणि त्या सगळ्या वेळीं बापानें त्याच्याशेजारीं उभें राहावें. शेजारीं उभें राहणें हें त्यांत सर्वांत अवघड आहे.

पुढच्या सभेंत आईबाप, मास्तर व वडील यांनीं एकत्र बसून पुढील गोष्टींवर बोलावें. आपल्या गांवांत आठवीनंतर कोणकोणत्या मुलांची शाळा सुटली, व तीं आतां दिवसभर कोठें असतात? संध्याकाळीं पांच ते आठ या वेळांत मंदिर किंवा शाळेची खोली उघडी ठेवितां येईल काय, आणि किल्ली कोणाजवळ राहील? कॅरमचा एक तक्ता, दिवा, चार पुस्तकें व खेळांत हरणारा एक मोठा माणूस, एवढ्यावर आरंभ होतो. कामासाठीं ठाणें, कल्याण, भिवंडीकडे गेलेल्या कुटुंबांचे पत्ते आपल्याजवळ आहेत काय, व तेथील मंडळीला कोणीं कळविलें काय? गांवाजवळ पालें पडलीं असतां तेथील मुलांना आपल्या शाळेंत कोणीं बोलाविलें? येतांना प्रत्येकानें आपल्या गल्लींतील १२ ते १८ वर्षांच्या मुलांचीं नांवें एका कागदावर लिहून आणावीं, आणि प्रत्येक नांवापुढें, काल संध्याकाळीं सात वाजतां तें मूल कोठें होतें, हें लिहावें. जेथें ठाऊक नसेल तेथें जागा कोरी सोडावी व तो कागद तसाच सभेपुढें ठेवावा.